कुमरानच्या सरळ भिंती

दोन हजार वर्षांपूर्वीच्या वाडग्यात मी पेन्सिलीचा भुगा झाडला आणि वर कपातला चहाचा गाळ ओतला. अख्खं वाडगं नव्हतं, तळाचा तळहाताएवढा तुकडा होता. माझ्या बचावासाठी एवढंच सांगता येईल. कुवेतच्या त्या ऑफिसात माझा तिसरा दिवस होता. शेजारच्या टेबलावर लालसर खापर दिसलं, आत राखेसारखी थोडी माती होती. मी समजलो, ज्याचं टेबल त्याची ॲशट्रे असणार.

टेबलाचे मालक आले. पन्नाशी उलटलेले, केस पांढरे, टाय मात्र घट्ट. त्यांनी खापराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खिशातून रुमाल काढला आणि गाळ पुसायला लागले. पुसून झाल्यावर म्हणाले, "हिंदी, यात जेवणारा माणूस रोज जेवणाआधी थंड पाण्यात बुडी मारून यायचा. तू निदान हात धुवायचे होतेस."

हिंदी म्हणजे हिंदुस्थानातला. तिकडे आम्हा सगळ्यांना तसंच म्हणत. आणि त्यांना ऑफिसात सगळे उस्ताद म्हणत, तेव्हा मीही म्हणू लागलो. आमच्या दोघांचं इंग्रजी सारखंच बेताचं होतं, त्यामुळे एकमेकांचं चटकन कळायचं.

हा किस्सा मी घरी पुष्कळदा सांगितला आहे. पाहुणे आले, जेवणं झाली, की मी खापरापासून सुरुवात करतो. मुलं "ओ पपा, नॉट अगेन" म्हणतात आणि तरी ऐकतात. मग मी भिंती कशा सरळ केल्या तिथपर्यंत येतो, सगळे हसतात, आणि मी थांबतो. पुढे हसण्यासारखं काही नाही म्हणून थांबतो. आमची ही त्या वेळेस नेमकी भांडी आवरायला उठते. आज पुढचंही लिहितो आहे.

आमचं ऑफिस रस्ते आखायचं. जुन्या मातीच्या गावावर पट्टी ठेवायची आणि रुंद रस्ता काढायचा. पट्टीखाली जी घरं येतील ती जातील. गावाभोवतीचा मातीचा तट नुकताच पाडून झाला होता, वेशीचे दरवाजे तेवढे मागे राहिले होते, रिकाम्या मैदानात, आजूबाजूला भिंत नसलेले. व्यवहारात अजून रुपये चालत, त्यामुळे पहिले काही महिने मला परदेशात आल्यासारखं वाटतच नव्हतं. मी ड्राफ्ट्समन. मुंबईत सरकारी नोकरीत चौदा वर्षं सरळ रेघा मारून आलो होतो आणि इथे जास्त लांबीच्या सरळ रेघा मारत होतो.

उस्ताद मूळचे हैफाचे. अठ्ठेचाळीस साली घर सोडावं लागलं, बेथलेहेमला बहिणीच्या आश्रयाला गेले. तिथून मृत समुद्राच्या काठी कुमरान नावाच्या ठिकाणी खणकाम चालू झालं तेव्हा मोजमापाच्या कामाला लागले. आधी नुसती टेप धरायची. मग टेप धरणाऱ्याला आकडे लिहिता येतात, नंतर चित्रही काढता येतं, असं तिथल्या फ्रेंच पाद्र्यांच्या लक्षात आलं. चार-पाच हंगाम त्यांनी तिथे काढले. काम संपलं, पाद्री आपले कागद घेऊन गेले आणि उस्ताद कुवेतला आले. इथे ते आमच्यासारखेच रस्ते काढायचे.

खापर प्रकरणानंतर मी त्यांच्याशी जरा जास्तच गोड वागायला लागलो आणि त्यांना ऐकणारा हवाच होता. दुपारी डबा खाताना ते मला ती वस्ती सांगायचे. कुणीतरी यहुदी, देवळातल्या पुरोहितांशी बिनसलं म्हणून शहर सोडून वाळवंटात आलेले. येताना जे असेल ते सगळ्यांच्यात जमा करायचं, स्वतःचं काही ठेवायचं नाही. सगळ्यांचं जेवण एकत्र, लांबलचक दालनात. त्याला लागून भांड्यांची खोली, आणि तिच्यात हजाराच्या वर भांडी, वाडग्यात वाडगं घालून रचलेली.

"हजार?" मी म्हटलं. "आणि घासायला कोण?"

"ते नाही सापडलं," उस्ताद म्हणाले. "आम्ही पुष्कळ खणलं."

पाणी डोंगरातून पाटाने आणलेलं. उतरायला पायऱ्या असलेली मोठमोठी टाकी. दोन दौती सापडल्या, एकीत वाळलेली शाई अजून होती. शेजारच्या गुहांमध्ये चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या त्या इथेच बसून लिहिल्या असाव्यात असं पाद्र्यांचं म्हणणं. बाहेर थडगी, सगळी एका दिशेला डोकं करून, आत एक मणीसुद्धा नाही. हे सगळं सांगताना उस्ताद बोटाने टेबलावर खोल्या काढायचे. इथे दार. इथे दोन पायऱ्या. इथे एकदा साप निघाला.

एकदा मला वाटलं की सारखं ऐकत बसण्यापेक्षा आपणही काही सांगावं. मी मूळचा कुलाबा जिल्ह्यातला, रेवदंड्याकडचा. आमच्या गावात यहुदी होते. आम्ही त्यांना शनवार तेली म्हणायचो, कारण ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे. बोलणं आमच्यासारखंच मराठी. हे मी उस्तादांना रंगवून सांगितलं. त्यांनाही आवडलं. समुद्राच्या पलीकडे नारळाच्या झाडांखाली शनिवार पाळणारे तेली, हे त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

मग मी म्हटलं, "आमच्या घराला लागूनच एक कुटुंब होतं. आता ते तुमच्याकडेच गेले राहायला. वडिलांना पत्र आलं होतं, हैफाजवळ घर मिळालंय म्हणून. दगडी आहे, अंगणात लिंबाचं झाड."

तोंडातून वाक्य पूर्ण बाहेर पडलं तेव्हा मला ते ऐकू आलं.

उस्तादांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "लिंबाचं की संत्र्याचं?" त्यांनी विचारलं.

"लिंबाचं."

"मग ते आमचं नाही," म्हणाले आणि डबा बंद करून उठले.

त्यानंतर दहा-बारा दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. घरी हे सांगितलं तेव्हा ही पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"अहो, त्यांचं घर गेलं हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं. पण त्या वेळेला मी आपल्या गावाविषयी बोलत होतो."

"आपलं गाव, आपले शेजारी, आपलं पत्र. त्यांचं काय होतं त्यात?" तिने पोळी तव्यावर टाकली. "उद्यापासून दोघांचा डबा देते. बोलू नका काही, नुसतं वाढा."

मी वाढलं. थालीपीठ, मेथीची भाजी, एकदा तर शिरा. बाराव्या दिवशी उस्तादांनी थालिपिठाचं भोक दाखवून विचारलं की हे कशासाठी असतं. मी म्हटलं, तेल सोडायला. ते म्हणाले, "तुमच्याकडे सगळं तेलावरच येऊन थांबतं." मला हायसं वाटलं.

त्याच आठवड्यात ते एक गुंडाळी घेऊन माझ्या टेबलाशी आले.

कुवेतसमोरच्या फैलाका बेटावर परदेशी मंडळी खणायला येत होती. सिकंदराच्या काळातली ग्रीक वस्ती निघाली होती तिथे. त्यांना खड्ड्यात उभं राहून मोजमाप घेणारा, आराखडा काढणारा माणूस हवा होता, कायमचा. मंडळींचे मुख्य साहेब आठवडाभर शहरात होते, गुरुवारी चार वाजता भेटायला बोलावलं होतं. उस्तादांचा आमच्या ऑफिसातला करार मार्चमध्ये संपत होता आणि वाढवणार नाहीत हे त्यांना तोंडी कळलं होतं. करार संपला की कुवेतमध्ये राहायचा परवाना संपतो. परवाना संपला की कुठे जायचं, हा प्रश्न माझ्यासाठी सोपा होता, मला रेवदंडा होतं. त्यांना बहिणीचं घर होतं आणि त्यात बहिणीची सात माणसं.

"तुम्ही कुमरानला होतात याचा दाखला काय आहे?" मी विचारलं.

"हा." त्यांनी गुंडाळी उघडली. "जेरुसलेमला पाद्र्यांना पत्र टाकलंय. उत्तर यायला महिना-दोन महिने. साहेब शनिवारी जाणार."

जाड, पिवळट कागद, कडा झिजलेल्या. त्यावर पेन्सिलीने काढलेली अख्खी वस्ती. खणकामाचे मूळ नकाशे पाद्री घेऊन गेले होते, पण हा त्यांनी स्वतःसाठी काढला होता, संध्याकाळी सगळे तंबूत गेल्यावर, तिथल्याच भिंतीवर बसून. शेवटच्या हंगामात रोज थोडा.

कागद जाड असल्यामुळे त्याची मशीनवर प्रत निघत नव्हती. त्यावर ट्रेसिंग पेपर अंथरून शाईने गिरवायला हवं होतं, म्हणजे साहेबांच्या हातात स्वच्छ, ठेवून घेता येईल अशी प्रत देता आली असती. हे उस्तादांनी स्वतः का करू नये, असं मी विचारणार होतो, तेवढ्यात त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती. थोडीशीच, पण शाईच्या पेनाला तेवढं पुरतं.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "पेन्सिल चालते अजून. खड्ड्यात पेन्सिलच लागते, शाई नंतर कुणीही भरतो. पण हे आधी सांगितलं तर पुढचं कोण ऐकेल? तू काढून दे. कुणाला बोलू नको."

लिंबाच्या झाडाची भरपाई करायची संधी अशी समोर आली. मी म्हटलं, उस्ताद, असा काढून देतो की साहेब बघत राहतील.

रविवारपासून ऑफिस सुटल्यावर मी रोज दोन तास बसलो. टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, नवीन निब. काम सुरू केल्याबरोबर मला कळलं की उस्तादांचा हात गेल्या वर्षी नव्हे, फार आधीपासून थरथरत असणार. एकही भिंत सरळ नव्हती. रेघ निघायची, मध्येच जरा आत यायची, पुन्हा बाहेर जायची. खोल्यांचे कोपरे काटकोनात नव्हते. लांब दालन एका टोकाला निमुळतं झालेलं. कुठे भिंत चालता चालता तुटायची आणि चार बोटं सोडून पुन्हा सुरू व्हायची. बिचारे, मला वाटलं, तेव्हाही कुणाला सांगता आलं नसेल.

मी सगळं दुरुस्त केलं. भिंती पट्टीने मारल्या, कोपरे नव्वद अंशात बसवले, तुटलेल्या रेघा जोडून दिल्या. पायऱ्या असलेल्या एका मोठ्या टाक्यावर वरपासून खालपर्यंत एक वेडीवाकडी रेघ गेलेली होती, पायऱ्यांना कापत. हात निसटला असणार. ती मी घेतलीच नाही. खाली उजव्या कोपऱ्यात झकास चौकट काढली, उत्तर दिशेचा बाण नक्षीदार केला, अक्षरं स्टेन्सिलने. आयुष्यात एवढं देखणं ट्रेसिंग मी केलं नव्हतं. गुरुवारी सकाळी शेवटची अक्षरं भरली, ब्लेडने एक डाग खरवडला, आणि सवयीप्रमाणे खालचा पेन्सिलीचा कागद काढून उभा एकदा, आडवा एकदा फाडला आणि टोपलीत टाकला.

हे बाहेरच्याला कळणार नाही, म्हणून सांगतो. ड्रॉइंग ऑफिसात हा धर्म असतो. शाईचं ट्रेसिंग झालं की पेन्सिलीचा कागद ठेवायचा नाही, नाहीतर कधीतरी जुना कागद साइटवर जातो आणि गटार भलत्याच्या जिन्याखालून निघतं. चौदा वर्षांत मी हजारो कागद असे फाडले असतील. फाडताना बघतसुद्धा नसे. त्या दिवशी मी फाडताना खिडकीबाहेर बघत होतो, चहा कधी येतो म्हणून.

गुरुवारी ऑफिस दुपारी सुटायचं. तीन वाजता उस्ताद आले, नवीन शर्ट घालून. छपाईच्या खोलीत आमचे मुरूडचे चाचा होते, मशीनवर प्रती काढणारे. ते थांबले होते माझ्यासाठी, वास मारणारी गरम गरम प्रत घेऊन. मी ती टेबलावर पसरली आणि जरा मागे सरकून उभा राहिलो, कौतुक ऐकायला सोयीचं पडावं म्हणून.

उस्ताद बराच वेळ बघत राहिले. मग बोट टेकवलं त्या टाक्यावर.

"इथली भेग कुठे आहे?"

"कसली भेग?"

"भूकंपाची. टाकं दुभंगलं होतं, पायऱ्यांची एक बाजू हातभर खाली गेली. येणारा प्रत्येक माणूस आधी तीच बघायला जायचा." त्यांचं बोट भिंतीवरून फिरायला लागलं. "ही भिंत अशी नाही. ही पडलेली होती, इथून इथपर्यंत. ही खोली... हिंदी, ही खोली कुठली आहे?"

मी म्हटलं, "मला वाटलं, हात..."

त्यांना कळलं. त्यांनी स्वतःच्या हाताकडे एकदा पाहिलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "माझा कागद दे. तोच दाखवतो."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. टोपली रिकामी होती. सकाळीच झाडूवाला घेऊन गेला होता.

"फाडलात?" चाचा मराठीत म्हणाले. "भाऊ, तो आपल्या हापिसाचा कागद व्हता का?"

ते तसेच धावत मागच्या अंगणात गेले. ऑफिसचा कचरा तिथे पत्र्याच्या पिंपात जाळत असत. पाच मिनिटांनी परत आले, हात काळे. "जलला," ते म्हणाले. "राख हाय."

उस्तादांना भाषा कळली नाही पण हात दिसले. ते खुर्चीवर बसले. मी म्हटलं, उस्ताद, अजून वेळ आहे, ट्रेसिंगवर भेग काढतो, कुठून कुठे ते सांगा, भिंती खरवडतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, एखादं माप पुन्हा तपासावं तसं.

"तू काढशील तर तीही सरळ येईल," ते म्हणाले.

त्यांनी माझं पेन उचललं, शाईत बुडवलं, टाक्यावर आणलं. निबाच्या टोकाला थेंब हलत होता. त्यांनी पेन पुन्हा ठेवून दिलं. मग उठून प्रतीची गुंडाळी केली. "चल. चार वाजता येतो असं सांगितलंय."

माझ्याकडे तेव्हा एक जुनी मोटार होती, तिच्यातून आम्ही गेलो. समुद्राकाठच्या एका जुन्या घरात मंडळी उतरली होती. साहेब उंच, नाक उन्हाने सोललेलं, वागायला फार सभ्य. मला ड्रायव्हर समजले असते तर बाहेर बसता आलं असतं, पण उस्तादांनीच "माझा सहकारी" म्हणून ओळख करून दिली आणि मलाही खुर्ची मिळाली.

पहिली वीस मिनिटं छान गेली. उस्ताद बोलत होते, तळ कसा झाडायचा, मातीचे थर कसे ओळखायचे, भिंत कुठली आणि नुसता पडलेला दगड कुठला. साहेब मान डोलवत होते, मध्येच हसत होते. मला वाटायला लागलं, कागद न दाखवताच जमतंय. मग साहेबांनी गुंडाळीकडे बघून हात पुढे केला.

"फार सुंदर," असं ते पहिलं म्हणाले. मग चष्मा लावला. आणि त्यांचं बोट, मला शपथेवर सांगता येईल, सरळ त्या टाक्यावर गेलं.

"मी तिथे दोन दिवस होतो," ते म्हणाले. "ही भेग मी पाहिली आहे. ती इथे नाही."

साहेबांनी बोट पुढे सरकवलं.

"आणि या भिंती. हे तुम्ही काढलंत?"

"हो."

"तिथे बसून?"

"तिथे बसून," उस्ताद म्हणाले. खरं तेच होतं.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. सर, हे ट्रेसिंग मी केलं, मूळ कागदावर सगळं होतं, तो मी फाडला. इंग्रजी व्याकरणसुद्धा दोनदा तपासून घेतलं होतं. पण हे बोललो की साहेब विचारणार, यांनी स्वतः का नाही केलं? आणि हाताचं कुणाला बोलू नको असं उस्तादांनी बजावलं होतं. मी उस्तादांकडे पाहिलं, त्यांनी मला काही खूण करावी म्हणून. ते समुद्राकडे बघत होते. मी वाक्य गिळलं.

साहेबांनी कागद पुन्हा नीट गुंडाळला, मोठ्या अदबीने, आणि उस्तादांच्या हातात दिला. ठेवून घेतला नाही. आवाज मघासारखाच सौम्य होता, पण आता ते पाहुण्याशी बोलत होते. पत्राने कळवू म्हणाले.

मोटारीत मी म्हटलं, "उस्ताद, मी बोलणार होतो."

"हो."

"तुम्हीच म्हणाला होतात, हाताचं सांगू नको."

"हो, म्हणालो होतो."

हवल्लीपर्यंत, म्हणजे त्यांचं घर होतं तिथपर्यंत, ते आणखी एकच वाक्य बोलले. उतरताना, दार धरून. "ती भेग दोन हजार वर्षांत कुणी बुजवली नाही, हिंदी. तू एका संध्याकाळी बुजवलीस." आणि मग, इतकी वर्षं झाली तरी मला याचा राग येतो, त्यांनी डब्याबद्दल माझ्या बायकोचे आभार मानले. गुंडाळी मागच्या सीटवरच राहिली. विसरले असं मी म्हणत असतो.

पत्र आलं नाही. मार्चमध्ये करार संपला. शेवटच्या दिवशी ऑफिसात सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशीही, तेवढाच वेळ. खापर त्यांनी आपल्याबरोबर नेलं. बेथलेहेमला गेले असं चाचा म्हणायचे, दुसरं कुणी अम्मान म्हणायचं. मी दोन पत्रं लिहायला घेतली. दोन्हींची सुरुवात इतकी चांगली झाली की पुढे खरं काही लिहिता येईना. त्या वर्षी कुवेत स्वतंत्र झालं, रुपये गेले, मला बढती मिळाली. जास्त रुंद रस्ते.

त्या गुरुवारची संध्याकाळ सांगायची राहिली.

घरी आलो तेव्हा ही खाटेवर मटार सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं, म्हणजे बरंचसं. भिंती, भेग, फाडलेला कागद. तेवढं सांगणं सोपं होतं, तो मूर्खपणा होता आणि मूर्खपणा सांगायचा मला सराव आहे. ती शेंगा सोलत राहिली. मग साहेबांच्या घरातलं सांगितलं आणि म्हटलं, "एका शब्दाने सांगू शकलो असतो गं. पण त्यांच्या हाताचं उघडं पडलं असतं. त्यांच्यासाठी गप्प बसलो."

तिने एक शेंग हातात धरली होती, ती सोललीच नाही.

"तिथे चहा दिला होता?" तिने विचारलं.

"दिला होता की. तो बिनदुधाचा, छोट्या काचेच्या पेल्यात."

"त्यांनी घेतला?"

मी आठवून पाहिलं. आठवायची गरज नव्हती. उस्तादांच्या हातातला पेला बशीवर वाजत होता, चहा बशीत सांडला होता आणि साहेबांनी न बोलता रुमाल पुढे केला होता. हे सगळं कागद उघडायच्या आधी. त्यानंतरही वीस मिनिटं साहेब हसत होते, मान डोलवत होते.

"घेतला," मी म्हटलं.

"म्हणजे हात बघूनसुद्धा ते त्यांना घ्यायला तयार होते," ती म्हणाली. "मग तुम्ही कुणासाठी गप्प बसलात?"